फोन की कॅमेरा? आधी सांगा, फोटो कशासाठी हवाय

पावसाळा जवळ आला की ज्युनिअर्सचा ठरलेला प्रश्न येतो, "फील्डवर्कला फोन पुरेल की कॅमेरा घेऊ?" तुम्हीही एव्हाना तुलनेचे पाच-सहा व्हिडिओ पाहिले असतील. माझी तक्रार त्या तुलनांबद्दलच आहे. फुलामागचं दृश्य किती छान धूसर झालं, रंग किती खुलले, यावर तिथे गुण दिले जातात. आपल्याला मात्र पुरावा हवा असतो, आणि या दोन गोष्टी बऱ्याचदा एकमेकींच्या आड येतात.

माझंच उदाहरण घ्या. साताऱ्याजवळच्या कासच्या सड्यावर स्मिथिया, म्हणजे कवला, भरपूर फुलतो. पर्यटक ज्याला 'मिकी माऊस' म्हणतात तो यातलाच. याच्या बऱ्याच जाती वरवर सारख्या दिसतात. त्या वेगळ्या करायच्या तर पाकळ्यांखालचा हिरवा निदलपुंज बघावा लागतो: शिरा समांतर की जाळीदार, केस आहेत की नाहीत, असतील तर कसे. पहिल्या वर्षी मी फोनच्या पोर्ट्रेट मोडमध्ये फोटो काढले. दिसायला झकास! पण तो मोड सॉफ्टवेअरने धूसरपणा आणतो. कडेचे बारीक केस त्याने पार्श्वभूमी समजून पुसून टाकले होते. दुसऱ्या वर्षी मॅक्रो लेन्स लावलेला डीएसएलआर मागून नेला आणि अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवलं. फुलाची एक कड लख्ख आली, निदलपुंज आणि पानं गायब. दोन हंगाम गेले, उपकरणं दोन, चूक एकच. कासला फुलं तोडून आणता येत नाहीत, त्यामुळे घरी बसून दुरुस्तीही नाही.

आता यामागचं कारण. फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ × २४ मिमी असतो. बहुतेक फोनचा त्याच्या एक तृतीयांश रुंदीचाही नसतो. सेन्सर लहान, लेन्सची फोकल लेंग्थ कमी, म्हणून फोनच्या फोटोत पुढचं-मागचं बरंच काही एकदम स्पष्ट येतं. सुंदर पोर्ट्रेटसाठी हा दोष, पण अख्खं झुडूप, पानांची मांडणी आणि अधिवास दाखवायला हाच गुण. शिवाय ठिकाण आणि वेळ आपोआप नोंदली जाते.

फोन कमी पडतो तो बारकाव्यात. अनेक स्वस्त फोनमधला 'मॅक्रो' कॅमेरा जेमतेम २ मेगापिक्सेलचा असतो. महागड्या फोनमध्येही इतकं जवळ जावं लागतं की फोनचीच सावली फुलावर पडते. वर सॉफ्टवेअर कडा धारदार करतं, पोत गुळगुळीत करतं. खऱ्या १:१ मॅक्रो लेन्समध्ये ५ मिमीचं फूल सेन्सरवरही ५ मिमीचंच उमटतं. पण तिथे एफ/८ ठेवलं तरी स्पष्ट दिसणारा थर साधारण एक मिलिमीटरचा. वाऱ्याची झुळूक आली की संपलंच.

म्हणून माझं मत सरळ आहे. सुरुवातीला कॅमेऱ्यावर पैसे घालू नका. फोन, पट्टी आणि एक साधा हँडलेन्स पुरे. तुमच्या गटातली ओळखीची लक्षणं काही मिलिमीटरहून लहान असतील, तरच मॅक्रोचा विचार करा, आणि तोही विभागात मागून मिळत नसेल तर. गेंदासारख्या गटात (एरिओकॉलॉन) तर कॅमेराही हात टेकतो. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली फुलं आणि बी बघावंच लागतं.

दर झाडाचे निदान पाच फोटो घ्या: अधिवास, पूर्ण झाड, पानाच्या दोन्ही बाजू, फूल समोरून, फूल बाजूने निदलपुंजासकट. एकात पट्टी हवीच. पोर्ट्रेट मोड आणि ब्युटी फिल्टर बंद. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर आकार घटतो आणि ठिकाणाची माहितीही जाते. दुर्मीळ झाड असेल, तर मात्र ते ठिकाण सगळ्यांना कळू देऊ नका.

आणि फोटो म्हणजे हर्बेरियमचा नमुना नव्हे, हेही ध्यानात ठेवा. १ जानेवारी २००७ पासून फुलझाडाच्या नव्या जातीला नाव देताना प्रकार-नमुना म्हणून नुसतं चित्र चालत नाही. परवानगी काढून प्रत्यक्ष नमुना जपावा लागतो.

आज एक करून बघा. दारातल्या सदाफुलीचे असे पाच फोटो काढा आणि ती कधीच न पाहिलेल्या कुणाला तरी द्या. नुसत्या फोटोंवरून त्याला पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे सांगता आलं का? नसेल, तर नवा कॅमेरा घेऊनही ते सांगता येणार नाही.