दांडा, वाफ आणि रूप : इटलीची एस्प्रेसो यंत्रं

मागच्या वेळी एका श्रोत्याने विचारलं होतं की यंत्राला 'सुंदर' म्हणायचं ते कशाच्या जोरावर? उत्तरासाठी आम्ही आज कॉफीचं यंत्र निवडलंय. हसू नका.

लुइजी बेत्झेराने १९०१ साली मिलानमध्ये पेटंट घेतलं, ते देसिदेरिओ पाव्होनीने विकत घेऊन यंत्रं बाजारात आणली. उभा बॉयलर, वर घुमट, कधी घुमटावर पंख पसरलेला गरुड. थेट देव्हाराच! आत वाफेचा दाब मात्र जेमतेम दीड बार. कॉफी करपायची, कडवट व्हायची.

समीक्षकांची लाडकी म्हणजे १९४८ ची 'ला कोर्नुता', शिंगांची. पाव्होनी कंपनीसाठी जिओ पॉन्ती या वास्तुरचनाकाराने घडवलेली. आडवं अंग, क्रोमचा लखलखाट, बाहेर झेपावणाऱ्या तोट्या. डिझाइनच्या पुस्तकांत तिचा फोटो हमखास. आम्हालाही ती आवडते, नाही म्हणत नाही. पण तिचं सौंदर्य गिऱ्हाइकाकडे तोंड करून उभं आहे. पेल्यातल्या कॉफीत जी क्रांती झाली, ती तिच्यामुळे नव्हे.

ती केली अकिले गाज्जाने. हा मिलानमधला बारवाला. त्याच्या यंत्रात दांडा खाली ओढला की स्प्रिंग दाबली जाते आणि गरम पाणी कॉफीवर येतं. दांडा सोडला की स्प्रिंग दट्ट्याला रेटते आणि पाणी आठ-नऊ बारच्या दाबाने कॉफीतून जातं. वर तांबूस साय येते. सुरुवातीला लोकांना तिचा संशय आला, तेव्हा गाज्जाने तिलाच 'क्रेमा' म्हणून मिरवलं. यंत्रावर लिहिलं, 'वाफेशिवाय चालते'. आणि पेला एवढुसा का, तर त्या नळकांड्यात पाणीच तेवढं मावतं. आवडीनिवडीचा प्रश्न नंतरचा.

(गंमत बघा, आपल्याकडे लग्नात 'एक्स्प्रेसो' म्हणून जी दुधाळ, फेसाळ कॉफी मिळायची, वर चॉकलेट पावडर भुरभुरवलेली, तिच्यात सगळा थाट वाफेचाच! गाज्जाने नाकारलं तेच नेमकं आपण उचललं.)

१९६१ मध्ये फाएमाची ई-६१ आली. नाव त्या वर्षीच्या खग्रास सूर्यग्रहणावरून. दाब आता विजेचा पंप देऊ लागला, दांड्याचं काम झडप उघडण्यापुरतं उरलं. तरी तिचं ते जाडजूड पितळी तोंड आम्ही सजावट मानत नाही. त्यातून गरम पाणी सतत फिरतं आणि त्याच्या वजनामुळे उष्णता टिकते. इथे रूप आणि प्रयोजन वेगळे काढताच येत नाहीत. कास्तिल्योनी बंधूंच्या 'पितागोरा'ला पुढच्याच वर्षी 'कोम्पासो द'ओरो' हा मानाचा पुरस्कार मिळाला. सरळ पत्रे, साधी पेटी. तिच्यावर आम्ही वेळ घालवत नाही; तिने बारवाल्याला झाकलं नाही, एवढं श्रेय पुरे.

मिलानजवळ बिनास्कोला चिंबाली कंपनीचं संग्रहालय आहे, २०१२ पासूनचं. अशा ठिकाणी यंत्रं घासूनपुसून ठेवतात, ते योग्यच. पण वारसा म्हणून आपण नेमकं काय जपतो? क्रोम जपता येतो. स्प्रिंगवाल्या दांड्यावरून हात निसटला, तर तो उसळून हनुवटीवर बसतो. बारवाल्याच्या खांद्यात मुरलेला तो अंदाज थंड यंत्राशेजारच्या पाटीवर लिहून कळणार नाही.

पुढच्या वेळी बियालेत्तीची १९३३ ची 'मोका' घेऊ. ती स्वयंपाकघरातली, तिला प्रेक्षकच नव्हते.