सेम डे एडिट: गाण्याखाली दबलेलं लग्न

माझ्या मावसभावाचं लग्न पुण्यात झालं. नवरी बंगाली. सकाळी आमच्या पद्धतीनं, संध्याकाळी त्यांच्या पद्धतीनं आणि रात्री जेवणाच्या वेळी हॉलमधल्या पडद्यावर त्याच दिवसाची साडेतीन मिनिटांची फिल्म. याला ‘सेम डे एडिट’ म्हणतात. फिल्म देखणी आहे. तरी माझं तिच्याशी भांडण आहे.

दुपारी मी एडिटरच्या खोलीत डोकावलो होतो. पोरं मेमरी कार्डं आणून देत होती. लॅपटॉपवर गाणं आधीच टाकलेलं, हळदीचे शॉट्स लावून झालेले आणि पुढे मोकळ्या जागा. म्हणजे संध्याकाळचे विधी सुरू होण्याआधीच ते किती सेकंद दिसणार, हे ठरलं होतं. त्याला दोष देत नाही. हातात मोजके तास असले की असंच काम करावं लागतं.

फिल्ममधली सर्वांत हुशार जागा अशी: अंतरपाट खाली जातो आणि त्याच ठोक्यावर नवरी चेहऱ्यासमोरची विड्याची पानं बाजूला करते. बंगालीत ही शुभदृष्टी. दोन्हीकडे कल्पना एकच. चेहरा झाकायचा, वाट पाहायला लावायची, मग दाखवायचा. एडिटरला हे दिसलं, याची दाद द्यायलाच हवी. पण त्यानं नेमकी वाट पाहणंच कापलं.

मंगलाष्टकं लांबली, मुठीतल्या अक्षता घामानं चिकटल्या. संध्याकाळी नवरीला पाटावर बसवून भावांनी उचललं आणि नवऱ्याभोवती सात फेरे घातले. चौथ्या फेरीला ते दमले तेव्हा आमच्या आत्या ‘अरे, पाडाल तिला!’ म्हणून ओरडल्या. भाषा न कळता सगळे बंगाली हसले. दोन घरं खरी भेटली ती अशा रेंगाळलेल्या वेळात. फिल्ममध्ये मात्र सगळं एकाच स्लो मोशनमध्ये, एकाच हिंदी गाण्यावर. दोन्ही लग्नं सारखी वाटतात, कारण दोन्हींचा आवाज काढून टाकलाय.

हे कुणाला खटकलं? तीनशे पाहुण्यांना नाही. त्यांनी सगळं प्रत्यक्ष पाहिलं होतं. पडद्यावर ते स्वतःला शोधत होते आणि फोन उंच धरून त्याचंच शूटिंग करत होते.

पण बऱ्याच बंगाली घरांत आईनं मुलीचं लग्न बघू नये, अशी समजूत आहे. नवरीची आई दोन्ही वेळा वरच्या खोलीत बसून होती. आपल्या मुलीचं लग्न तिनं पहिल्यांदा पाहिलं ते या पडद्यावर. त्या हॉलमध्ये ही फिल्म खऱ्या अर्थानं तिच्यासाठीच होती.

फिल्म संपल्यावर काकीमांनी मला हिंदीत विचारलं, ‘पानं काढल्यावर ती काहीतरी बोलली. काय म्हणाली?’

मी तिथेच उभा होतो. नुकतंच शिकलेलं मराठी वापरून ती नवऱ्याला म्हणाली होती, ‘हात दुकले माजे.’ मी तसंच म्हणून दाखवलं, अर्थ सांगितला. काकीमा एवढ्या हसल्या, की त्यांना पदरानं डोळे पुसावे लागले.

तिथे गाणं दहा सेकंद थांबवलं असतं, तर हे वाक्य त्यांना मुलीच्या आवाजात ऐकता आलं असतं. त्याच दिवशी दाखवायची घाई कुणासाठी चाललीय, एवढं एडिटरला कुणी सांगायला हवं होतं. आम्हीही सांगितलं नाही.

भावानं पुढे कच्चं फुटेज मागवून शुभदृष्टीचा सलग तुकडा काकीमांना पाठवला. अकरा मिनिटांचा. कॅमेरा हलतो, मध्ये कुणाचं तरी डोकं येतं. नातेवाइकांना त्या आता तोच दाखवतात.