पायी निघालेला मार्क ट्वेन

स्वित्झर्लंडमध्ये हायकिंगच्या पिवळ्या पाट्यांवर अंतर नसतं, वेळ असते. अमुक ठिकाण, दोन तास दहा मिनिटं. पाटीपेक्षा जास्त वेळ लागला की उगाच ओशाळल्यासारखं होतं. या ओशाळेपणाची सगळ्यात भारी टिंगल मार्क ट्वेनने १८८० सालीच करून ठेवलीय, 'अ ट्रॅम्प अब्रॉड'मध्ये.

युरोप पायी पाहायचा म्हणून निघालेला यातला निवेदक संधी मिळेल तेव्हा आगगाडी पकडतो. रिगीची तीन-साडेतीन तासांची चढण त्याला तीन दिवस पुरते. वर पोचून सूर्योदयासाठी झोपतो तो थेट संध्याकाळी उठतो आणि मावळतीलाच उगवती समजून बघत बसतो. आजच्या सनराइज-रील्सवर याहून चांगली कॉमेंट सापडणार नाही.

पुस्तक फार लांब आहे. मधल्या जर्मन दंतकथा खुशाल वगळा, काही बिघडत नाही. पण रिफेलबर्गचा भाग चुकवू नका. त्या काळी गिर्यारोहणाची शौर्यपुस्तकं जोरात होती. त्यांचाच गंभीर सूर लावून ट्वेन एका सोप्या चढणीसाठी दीडशेवर माणसं, खेचरं, गायी आणि १५४ छत्र्या गोळा करतो. दिवसचे दिवस धडपडून वर पोचावं, तर तिथे हॉटेल, आणि त्यात निवांत बसलेले प्रवासी!

मला खटकतं ते वेगळंच. या फौजेतले वाटाडे आणि हमाल फक्त यादीतले आकडे आहेत. एक वाटाड्या तेवढा लक्षात राहतो. वाट हरवल्यावर त्याच्या कमरेला दोर बांधून त्याला शोधायला पाठवतात. तो तोच दोर एका एडक्याला बांधून पसार होतो. ट्वेन त्याला हास्यास्पद करू पाहतो, पण अख्ख्या मोहिमेत शहाणा तो एकटाच वाटतो.

याच पुस्तकात पुढे मॅटरहॉर्नच्या १८६५च्या अपघाताची हकीकत येते आणि थट्टा थांबते. सातजण शिखरावर पोचले, उतरताना दोर तुटला, चौघे गेले. त्यातला एक वाटाड्या होता, शामोनीचा मिशेल क्रोझ. इथे वाटाड्याला नाव मिळतं, पण मेल्यावर. रिफेलबर्गवरचा तो पळपुटा मात्र शेवटपर्यंत बिननावाचाच राहतो.