पावसाळा वगळून पाहिलेला सडा

कोकणात किंवा सह्याद्रीच्या माथ्यावर राहणाऱ्या वाचकांना सडा म्हणजे काय हे सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. जांभ्या दगडाचे विस्तीर्ण, सपाट पठार म्हणजे सडा. एप्रिलमध्ये त्यावर उभे राहिले तर काळपट-तांबूस कातळ, मधूनमधून वाळलेले गवत आणि एखादी करवंदीची जाळी एवढेच दिसते. सातबाऱ्यावर अशा जमिनीची नोंद बहुधा 'पोटखराबा' अशी असते. पोटखराबा म्हणजे लागवडीला अयोग्य. या शब्दात खोटे काही नाही. फक्त तो शेतसाऱ्याच्या हिशेबाचा शब्द आहे, जीवशास्त्राचा नव्हे. हा फरक विसरला की काय होते, ते मी स्वतः पाहिले आहे.

काही वर्षांपूर्वी एका सल्लागार संस्थेतून मला दूरध्वनी आला. एका सड्यावर खाण सुरू करण्याचा प्रस्ताव होता आणि त्यासाठीच्या अहवालात वनस्पतींची यादी हवी होती. महिना एप्रिलचा, मुदत तीन आठवड्यांची. त्या भागात मी पूर्वी काम केले होते, म्हणून जवळची यादी पाठवून दिली. सोबत एक टीप जोडली: 'ही यादी संपूर्ण परिसराची आहे. प्रत्यक्ष सड्यावर काय आहे हे सांगायचे तर तो ऑगस्टमध्ये पाहायला हवा.' वर्षभराने अहवाल हाती आला. त्यात माझी यादी होती, टीप नव्हती. यादीच्या खाली निष्कर्ष होता, की प्रकल्पाची जागा खडकाळ व उजाड असून तेथे दुर्मीळ वनस्पती आढळल्या नाहीत. आढळल्या नाहीत हे खरेच होते, कारण त्या दिसतात त्या महिन्यांत तेथे कोणी गेलेच नव्हते. प्रकल्प मंजूर झाला. सड्याचा तो भाग आता खणला गेला आहे. यादी देण्यात माझी चूक झाली असे मी मानतो, आणि हा लेख लिहिण्यामागे तेही एक कारण आहे.

अहवाल कशासाठी?

मोठ्या खाणी, धरणे, बंदरे, विमानतळ अशा प्रकल्पांना आपल्या देशात केंद्र किंवा राज्य पातळीवर पर्यावरणीय मंजुरी घ्यावी लागते. यासाठीची पहिली अधिसूचना जानेवारी १९९४ मध्ये निघाली. तिची जागा सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने घेतली. प्रकल्पामुळे हवा, पाणी, माती, सजीव आणि माणसे यांच्यावर कोणते परिणाम होतील याचा आधीच अंदाज घ्यायचा, म्हणजे पर्यावरणीय आघाताचे मूल्यांकन करायचे, ही त्यामागची कल्पना. ती उत्तम आहे. डॉक्टर शस्त्रक्रियेपूर्वी तपासण्या करून घेतात, तसेच हे. यासाठी ज्या संस्था काम करतात त्यांना पर्यावरण सल्लागार म्हणतात. त्यांचा अहवाल तज्ज्ञ समितीपुढे जातो आणि मंजुरी द्यायची की नाही, कोणत्या अटींवर द्यायची, हे बरेचसे त्या अहवालावर ठरते.

म्हणूनच हे अहवाल आपण वाचले पाहिजेत, आणि विद्यार्थ्याची प्रयोगवही तपासतो तितक्याच काटेकोरपणे तपासले पाहिजेत. निष्कर्ष बरोबर की चूक हा नंतरचा प्रश्न. त्याआधी पाहायचे ते निरीक्षण कधी, कुठे आणि कसे केले हे.

निरीक्षण कधी केले?

अशा अहवालांसाठी बहुधा एका ऋतूची माहिती मागितली जाते, आणि तो ऋतू पावसाळा सोडून असावा असे सांगितलेले असते. हे वाचून आश्चर्य वाटेल, पण त्याला एक सयुक्तिक कारण आहे. हवेतली धूळ मोजायची असेल तर पावसाळा गैरसोयीचा असतो. पावसाने धूळ खाली बसते आणि हवा आहे त्यापेक्षा स्वच्छ भासते. हवेसाठी हा नियम योग्यच आहे. चूक होते ती हवेसाठीचा नियम सजीवांनाही लावल्यामुळे.

सड्याचे सारे जीवन पावसावर बेतलेले असते. कातळावर मातीचा थर जेमतेम काही सेंटिमीटर, काही ठिकाणी तोही नाही. जूनच्या पावसाने खळगे भरतात, उतारांवरून पाण्याची पातळ चादर वाहू लागते आणि जमिनीत दडलेले कंद व बिया जागे होतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हाच कातळ गेंदाच्या पांढऱ्या गोंड्यांनी, तेरड्याच्या गुलाबी आणि कवल्याच्या पिवळ्या फुलांनी झाकून जातो. सतत वाहणाऱ्या पाण्यामुळे या मातीत नत्र टिकत नाही. म्हणून येथे निळसर-जांभळ्या फुलांची सीतेची आसवे आणि चिकट थेंबांची दवबिंदू यांसारख्या कीटकभक्षी वनस्पती वाढतात. नत्राची उणीव त्या बारीक जीव पकडून भरून काढतात. ऑक्टोबरनंतर पाणी ओसरते, बिया झडतात, आणि यांतल्या बहुतेक वनस्पती पुढच्या जूनपर्यंत डोळ्यांना दिसत नाहीत.

प्राण्यांचेही तसेच. खळग्यांतल्या पाण्यात झिंग्यांचे दूरचे नातलग असलेले इवलेसे जीव पोहतात. खळगा सुकला की त्यांची अंडी वाळलेल्या गाळात महिनोन्महिने तग धरतात. आंबोलीचा टोड नावाचा एक छोटा भेक आहे. त्याचे शास्त्रीय वर्णन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तो अतिशय मर्यादित प्रदेशात आढळतो आणि त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींमध्ये होते. पावसाळ्याच्या सुरुवातीला सड्यावरच्या उथळ डबक्यांत तो अंडी घालतो. मार्चमध्ये गेलेल्या निरीक्षकाला यांपैकी काय दिसणार?

साताऱ्याजवळचे कासचे पठार आज सर्वांना ठाऊक आहे. २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत पश्चिम घाटाची जी ३९ ठिकाणे गेली, त्यांत त्याचा समावेश आहे. या कासचेच निरीक्षण एखाद्याने फक्त मार्चमध्ये केले, तर 'खडकाळ व उजाड' याहून वेगळे वाक्य त्यालाही सुचणार नाही.

निरीक्षण कुठे केले?

प्रकल्पाच्या जागेभोवती दहा किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढून त्याला 'अभ्यासक्षेत्र' म्हणण्याची पद्धत आहे. गणिताच्या शिक्षकांनी येथे मदत करावी. या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस किलोमीटर होते. खाण समजा पन्नास हेक्टरांची, म्हणजे अर्ध्या चौरस किलोमीटरची असेल, तर ती या वर्तुळाच्या सहाशेव्या भागाहूनही लहान ठरते. अहवालातली यादी मात्र संपूर्ण वर्तुळाची असते. आंबा, काजू, मोर, मुंगूस, साळुंकी अशी सारी मंडळी तिच्यात सुखाने नांदतात. ती वाचून वाटते की येथले सजीव कोकणात सर्वत्र आढळणारे आहेत, तेव्हा अर्धा चौरस किलोमीटर गेल्याने काय बिघडणार? प्रत्यक्षात जो तुकडा खणला जाणार, त्याच्याबद्दल या यादीत काहीच सांगितलेले नसते.

दुसरे असे, की पाणी कंपासने काढलेले वर्तुळ पाळत नाही. जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेला पाऊस त्यातून झिरपतो आणि पायथ्याशी झऱ्यांच्या, विहिरींच्या रूपाने बाहेर येतो. खाली वाडीतल्या माणसांना हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. सडा खणला तर कोणती विहीर आटेल, हे ठरवायला पाणलोटाचा नकाशा लागतो. निदान एका वर्षातल्या विहिरींच्या पातळ्या लागतात. अनेक अहवालांत त्याऐवजी पाण्याच्या नमुन्यांचे रासायनिक पृथक्करण असते. ते बिनचूक असते, पण पाणी टिकेल का, या प्रश्नाचे उत्तर त्यात नसते.

उपाय कोणता सुचवला?

हानी भरून काढण्यासाठी जवळजवळ प्रत्येक अहवालात 'हरितपट्टा' सुचवलेला असतो. कारखान्याच्या कुंपणापाशी तो योग्यच आहे. सड्यावर मात्र त्यासाठी कातळ फोडून खड्डे घ्यावे लागतात, बाहेरून माती आणावी लागते आणि बहुधा ऑस्ट्रेलियन अकेशियासारखी जलद वाढणारी झाडे लावली जातात. त्यांची सावली आणि पालापाचोळा जेथे पडतो तेथे उघड्या कातळावरच्या वनस्पती टिकत नाहीत. म्हणजे खाणीतून वाचलेला सडा वृक्षारोपणात जातो. झाड लावणे हे नेहमीच पुण्याचे काम, असे आपणही मुलांना शिकवत आलो आहोत. तेव्हा या चुकीत थोडा वाटा आपलाही आहे.

दोष कोणाचा?

२००७ च्या सुमारास रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालातले उतारे जसेच्या तसे आढळले. त्यात पक्ष्यांचा अधिवास म्हणून चक्क स्प्रूस आणि बर्च या थंड प्रदेशातल्या झाडांच्या जंगलांचा उल्लेख होता! हा किस्सा सांगून हसता येते, पण अशी उघड चोरी पकडणे त्यामानाने सोपे असते. २०१० च्या सुमारास सल्लागारांसाठी मान्यतेची पद्धत सुरू झाली. कोणत्या विषयाला कोणत्या पात्रतेचा तज्ज्ञ हवा हे ठरले. त्यामुळे ढोबळ गैरप्रकारांना काही आळा बसला असेल. मूळ अडचण मात्र कायम आहे. ज्याला मंजुरी हवी तोच सल्लागार निवडतो आणि तोच त्याचे पैसे देतो. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याची नेमणूक आणि मानधन परीक्षार्थीच्या हाती असावे, तसा हा प्रकार.

या क्षेत्रात माझे काही विद्यार्थी काम करतात. ते प्रामाणिक आहेत. सड्याला चार ऋतू द्यायला हवेत हे त्यांना माझ्याइतकेच कळते. पण चार ऋतू मागणाऱ्याला काम मिळत नाही, एका ऋतूत अहवाल देणाऱ्याला मिळते. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीनेही २०११ च्या अहवालात या मूल्यांकनांच्या दर्जावर बोट ठेवले होते.

न्यायालये यावर किती उपाय करू शकतात? गोव्यात पेडणे तालुक्यातले मोपाचे पठारही जांभ्याचेच. तिथल्या विमानतळाला २०१५ मध्ये मंजुरी मिळाली होती. ती सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये स्थगित केली. आसपासच्या संवेदनशील क्षेत्रांची माहिती अर्जात दिली गेली नव्हती, हे त्याचे एक प्रमुख कारण होते. फेरविचार झाला, जादा अटी घातल्या गेल्या, जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली आणि डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. संवेदनशील क्षेत्रे नकाशावर होती, म्हणून ती लपवली गेल्याचे दाखवून देता आले. ज्या सड्याचे पावसाळी निरीक्षण कोणीच केलेले नाही, त्याच्याबाबत काय लपले हे न्यायालयाला तरी कसे कळावे?

शाळेला काय करता येईल?

येथे शिक्षकांचे स्थान महत्त्वाचे ठरते. सल्लागार सड्यावर काही दिवस येतो, माझ्यासारखा संशोधक वर्षातून दोनदा येतो. शाळा मात्र बाराही महिने तेथेच असते. जवळ सडा, माळ किंवा पाणथळ जागा असेल तर नववी-दहावीच्या किंवा कनिष्ठ महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना घेऊन एक साधा उपक्रम करून पाहा. सुतळीने एक मीटर बाजूचे दहा चौरस आखा. त्यांच्या जागा दरवर्षी सापडतील अशा खुणा ठेवा. दर महिन्याच्या ठरावीक दिवशी प्रत्येक चौरसात किती प्रकारच्या वनस्पती दिसल्या ते मोजा, तारीख टाका, छायाचित्र घ्या. नाव माहीत नसेल तर 'वनस्पती क्रमांक ७' असे लिहा, अंदाजाने नाव देऊ नका. फुले तोडू नका, दगड उलटला तर पुन्हा तसाच ठेवा, आणि उलटताना फुरशाची आठवण असू द्या. जोडीला वाडीतल्या दोन-तीन विहिरींची पाणीपातळी दोरीने मोजा.

वर्षअखेर या आकड्यांचा आलेख काढला की एप्रिलचा आणि ऑगस्टचा सडा यांतला फरक विद्यार्थ्यांना कोणी समजावून सांगावा लागणार नाही. जैवविविधता कायदा २००२ मध्ये झाला. त्यानुसार गावपातळीवर जैवविविधता समिती व लोकजैवविविधता नोंदवही असते. तुमच्या नोंदी तिच्यात जरूर जाऊ द्या. एखादा प्रकल्प आला, तर जनसुनावणीआधी किमान तीस दिवसांची सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद अशा ठिकाणी पाहायला मिळतो. तो वाचावा आणि लेखी विचारावे: तुम्ही कोणत्या तारखांना आलात? खणायच्या तुकड्यावर किती चौरस पाहिले? त्यांची वही कुठे आहे?

या प्रश्नांमुळे प्रत्येक प्रकल्प थांबेल असे नाही, थांबावा असेही माझे म्हणणे नाही. ॲल्युमिनियमची भांडी आपण सगळेच वापरतो. पण काय गमावणार आहोत हे नीट पाहून मग निर्णय घेणे वेगळे, आणि न पाहता 'काही नव्हते' असे लिहून ठेवणे वेगळे. त्या एप्रिलमध्ये माझ्याकडे यादी मागितली गेली, तेव्हा जवळच्या शाळेत पाच वर्षांच्या ऑगस्टच्या नोंदी असत्या, तर माझी टीप गाळणे कोणाला इतके सोपे गेले नसते.