जोडवस्तूंचा सांधा आणि सट्ट्याचें वाङ्मय

वाङ्मयाचे प्रकार मोजतांना आमचे टीकाकार काव्य, नाटक, कादंबरी, निबंध येथपर्यंत येऊन थांबतात. परंतु मध्यमवर्गीय गृहस्थाच्या हातीं आज वारंवार पडणारें एक गद्य या मोजणींत येत नाहीं. तें म्हणजे शेअरबाजारांत पैसे घालूं इच्छिणारांसाठीं लिहिलेलें आश्वासनाचें गद्य : कंपन्यांचीं निवेदनें, दलालांचे अभिप्राय आणि येऊं घातलेल्या मोठ्या संधीचें वर्णन करणारे लेख. एखादी कादंबरी फसली तर वाचकाचे चार तास फुकट जातात. हें गद्य फसलें तर पेन्शनीची पुंजी जाते. असें असतां त्याची भाषा, त्याची रचना आणि विशेषतः त्यानें गाळलेला मजकूर यांची परीक्षा कोणी करूं नये, याचें आम्हांस नवल वाटतें. प्रस्तुत लेखांत या वाङ्मयाची एकच शाखा आम्ही घेत आहों.

ही शाखा औषध व उपकरण यांच्या संयोगानें सिद्ध होणाऱ्या वस्तूंविषयींची आहे. दम्याच्या रोग्याचा इनहेलर, औषध भरूनच येणारें इन्शुलिनचें पेन, हृदयाच्या रोहिणींत बसविलेला औषधलेपित स्टेंट, या वस्तु आतां घरोघर परिचयाच्या झाल्या आहेत. सोयीसाठीं त्यांस आपण जोडवस्तु म्हणूं. त्यांच्याविषयीं लिहिणारा लेखक बहुधा एक सोपी बेरीज मांडतो : औषध जुनें व गुणकारी आहे, आणि उपकरण सुटसुटीत आहे, आणि रोगी कोट्यवधि आहेत; सबब नफा अपरंपार. यांतील एकेक वाक्य सुटें घेतलें तर तें खरेंहि असतें. लबाडी लपलेली असते ती "आणि" या उभयान्वयी अव्ययांत.

हें "आणि" किती जड असूं शकतें, हें पुणेकरांस ग्रंथांतून शिकावयास नको. पानशेतचें धरण मातीचें. पाणी सोडण्यासाठीं त्याच्या पोटांतून एक पक्की मोरी नेलेली होती. काम सर्वस्वी पुरें होण्यापूर्वींच १९६१ च्या पावसाळ्यांत आंबी नदीचें पाणी तेथें अडविण्यांत आलें. मोरीच्या दारांचें काम अपुरें होतें. आंतून उसळत जाणाऱ्या पाण्याच्या हादऱ्यांनीं मोरीवरची माती खचत गेली. जवानांनीं रात्रभर वाळूचीं पोतीं रचलीं, तरी १२ जुलै रोजीं सकाळीं धरण फुटलें, आणि त्याच्या लोंढ्यांत खालचें खडकवासल्याचें धरणहि गेलें. मातीचा बांध मनुष्याच्या शेंकडों वर्षांच्या ओळखीचा, आणि पाण्याची मोरीहि तशीच. घात झाला तो दोहोंच्या सांध्यावर, आणि घाईच्या मुहूर्तावर. जोडवस्तूचें सारें शास्त्र हें अशा सांध्याचेंच शास्त्र आहे.

इन्शुलिनचें उदाहरण घ्या. त्याचा शोध १९२१ चा. त्याच्या गुणाविषयीं शंका घेणारा आज कोणी नाहीं. सुई टोंचण्याऐवजीं तें श्वासावाटें घेतां आलें तर मधुमेही मनुष्य दुवा देईल, हेंहि उघड आहे. फायझर या बलाढ्य कंपनीच्या "एक्झुबेरा" नामक अशा इन्शुलिनला अमेरिकेंत जानेवारी २००६ मध्यें परवानगी मिळाली, आणि अब्जावधि डॉलरांच्या विक्रीचीं भाकितें झालीं. परंतु उपकरण इतकें मोठें कीं तें चारचौघांत काढण्याचा संकोच वाटावा. इन्शुलिन "युनिट" या मापानें मोजण्याची डॉक्टरांची व रोग्यांची संवय. येथें माप मिलिग्रॅमचें. त्यांतहि १ मिलिग्रॅमच्या तीन पुड्या म्हणजे ३ मिलिग्रॅमची एक पुडी नव्हे. तीन पुड्यांतून शरीरांत अधिक इन्शुलिन जाई. ज्या रोगांत मात्रा चुकली तर मूर्च्छा यावयाची, त्या रोगांत हा केवढा घोटाळा ! ऑक्टोबर २००७ मध्यें कंपनीनें ही वस्तु सोडून दिली आणि २८० कोटि डॉलरांचा बोजा हिशेबीं धरला. औषध हरलें नव्हतें. सांधा निखळला होता.

दुसरी कथा अधिक बोधप्रद आहे. आल्फ्रेड मान यांच्या "मॅनकाइंड" या अमेरिकन कंपनीनें (आपल्याकडील त्याच उच्चाराच्या कंपनीशीं तिचा संबंध नाहीं) त्याच कल्पनेवर "अफ्रेझा" ही भुकटी तयार केली. रोग्यांवरील मोठे प्रयोग एका इनहेलरनें झाले होते. पुढें कंपनीनें त्याहून लहान व सुबक इनहेलर पुढें केला. सामान्य वाचकास हा निव्वळ लाभ वाटेल. परंतु अमेरिकेच्या औषधनियामक खात्यानें जानेवारी २०११ मध्यें बजावलें, कीं नव्या इनहेलरनें पुन्हा प्रयोग करून दाखवा. औषध तेंच, रोग तोच. बदललें तें केवळ तोंडाशीं धरावयाचें यंत्र, आणि परवानगी यावयास जून २०१४ उजाडला. त्याच वर्षीं सानोफी या कंपनीनें विक्रीचा भार उचलला, आणि जानेवारी २०१६ मध्यें तो टाकीत असल्याचें जाहीर झालें. आमच्या मुंबईच्या सिप्ला कंपनीनें भारतासाठीं करार केला तो २०१८ सालीं. येथील परवानगी आली डिसेंबर २०२४ मध्यें. या मालिकेंतील प्रत्येक शुभवार्ता खरी होती. परंतु शुभवार्ता एका दिवसाची असते आणि सांधा जुळविण्याचें काम वर्षानुवर्षांचें असतें, हा भेद त्या शुभवार्तेच्या भाषेंत कोठेंच उमटत नाहीं.

नक्कल करणें तरी सोपें असेल, असें कोणी म्हणेल. मुंबईच्या लुपिन कंपनीची एक मोठी संशोधनशाळा पुण्याजवळ मुळशी तालुक्यांतील नांदे येथें आहे. "स्पिरिव्हा" या श्वासाच्या औषधाच्या पहिल्या पर्यायी उत्पादनास अमेरिकेंत परवानगी मिळविली ती याच कंपनीनें, जून २०२३ मध्यें; मूळ वस्तूस तेथें परवानगी मिळाली होती जानेवारी २००४ मध्यें. पेटंटांचा अडसर त्यांत होताच. परंतु त्याखेरीज भुकटीच्या कणांचा आकार, कॅप्सूलला पडणारें छिद्र, यंत्रांतून हवा ओढतांना होणारा अडथळा आणि दुबळ्या रोग्याचा श्वास, या सर्वांचा मेळ मूळ वस्तूशीं जमावा लागतो. गोळीला असलीं बंधनें नसतात. शिवाय सरकारी आज्ञेचा सांधा निराळाच. फेब्रुवारी २०१७ मध्यें औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत भारत सरकारनें २९,६०० रुपये ठरविली, आणि रोग्यांस दिलासा देणाऱ्या त्या एका आदेशानें विक्रेत्यांचे पूर्वींचे हिशेब उलटले.

आश्वासनाच्या या गद्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. अमेरिकेंतील यादवीमुळें कापसाचा पैसा मुंबईंत लोटला, तेव्हां १८६४-६५ मध्यें बॅक बे भरावाच्या कंपनीचा पांच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरांत गेला होता. समुद्र हटवून जमीन करावयाची ही कल्पना खोटी नव्हती. मुंबई तशी पुढें वाढलीच. परंतु जमीन वर येण्यापूर्वीं युद्ध संपलें, भाव कोसळले, आणि जुन्या बँक ऑफ बॉम्बेसही १८६८ सालीं दार लावावें लागलें. कल्पना खरी ठरली आणि कल्पनेवर पैसे लावणारा बुडाला, हा विरोधाभास नीट ध्यानांत घेण्याजोगा आहे. सटोडिया वस्तु विकत घेत नाहीं. तो मुहूर्त विकत घेतो, आणि मुहूर्ताविषयीं त्यास कोणीच कांहीं सांगितलेलें नसतें.

यावर असा आक्षेप येईल, कीं साहसी भांडवलावांचून नवें औषध निघणार कसें ? आक्षेप योग्य आहे. आल्फ्रेड मान यांनीं स्वतःची प्रचंड संपत्ति या कामांत ओतली, त्यांच्या धैर्याविषयीं आम्हांस आदरच आहे. परंतु त्यांस सांधा दिसत होता. तो जुळविण्यासाठींच ते पैसे घालीत होते. ज्या गृहस्थास मुलीच्या शिक्षणासाठीं राखलेल्या पैशांतून शंभर शेअर घ्यावयाचे आहेत, त्यास मात्र बेरीज तेवढी दाखविली जाते. एकाचें तें साहस, दुसऱ्याचा तो सट्टा; आणि दोहोंस "गुंतवणूक" हें एकच सोज्वळ नांव देणें, हा या वाङ्मयाचा सर्वांत मोठा भाषादोष होय.

तेव्हां या गद्याकडे आमची मागणी माफक आहे. रोग्यांवरील प्रयोग ज्या उपकरणानें झाले तेंच बाजारांत येणार काय. रोग्यानें तें घरीं, कोणाच्या मदतीवांचून, बरोबर वापरून पाहिलें आहे काय. औषध आणि उपकरण निरनिराळ्या कारखान्यांत होत असतील तर एकानें केलेल्या फरकाची झळ कोण सोसणार. आणि नियामकानें दोन वर्षें थांबा म्हटलें तर कंपनीजवळ तितक्या दिवसांचा खर्च आहे काय? या प्रश्नांचीं उत्तरें निवेदनांत शोधावीं. तीं नसतील तर त्या लेखाच्या शैलीचें वाटल्यास कौतुक करावें, परंतु घरच्या पैशानें त्यास पारितोषिक देऊं नये.