'एकल' ध्वनिमुद्रिका आणि तिचा श्रोता

मुंबईच्या साहिल मखिजा यांनी 'डेमनस्टीलर' या नावाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'द प्रोपगंडा मशीन' या एकल मेटल संग्रहाचा विषय प्रचारयंत्रणा हा आहे. परंतु बहुतांशी गुरगुरत्या गायनशैलीमुळे त्यातील इंग्रजी शब्द प्रथमश्रवणी क्वचितच उमगतात. हा संप्रेषणाचा दोष मानणे घाईचे ठरेल. प्रचाराची भाषा सुबोध असते, म्हणूनच ती विनाविचार स्वीकारली जाते. येथे चाहत्याला आधी नादाचा आघात सोसावा लागतो, मग शब्द वाचून अर्थ शोधावा लागतो. अर्थनिर्मितीतील त्याचा हा वाटा आणि हान्नेस ग्रॉसमन यांच्यासारख्या पाहुण्या ड्रमवादकांचा सहभाग पाहता 'एकल' हे विशेषण अपुरे पडते. मात्र जो श्रोता आघातापाशीच थांबतो, त्याच्यापुरता निषेधाचा केवळ आवेश उरतो.