संमतिवयाचा वाद आणि वैवाहिक अपवाद : एक चिकित्सा

1891 चा संमतिवयाचा कायदा आपल्याकडे बहुधा टिळक-आगरकर वादाच्या चौकटीत वाचला जातो. प्रस्तुत लेखात त्याच वादातील दुसऱ्या एका जोडीचा विचार केला आहे. लोकमान्य टिळक रत्नागिरीत जन्मले (1856). डॉ. रा. गो. भांडारकर यांचा जन्म तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातील मालवणचा (1837) आणि शिक्षणाचा प्रारंभीचा काळ रत्नागिरीचा. एकाच भूमीतील हे दोन संस्कृतज्ञ या प्रश्नावर परस्परांसमोर उभे ठाकले.

1860 च्या भारतीय दंड संहितेत दहा वर्षांवरील पत्नीशी पतीने केलेला संबंध बलात्कार ठरत नव्हता. 1890 मध्ये कलकत्त्यात फुलमणी नावाच्या बालवधूचा पतीच्या संबंधामुळे मृत्यू झाला. तिने दहा वर्षे ओलांडलेली असल्याने पतीवर बलात्काराचा आरोप टिकणे शक्य नव्हते. त्याला केवळ एक वर्षाची सक्तमजुरी झाली. या प्रकरणाने विधेयकाला गती दिली आणि मार्च 1891 मध्ये ही मर्यादा दहावरून बारावर गेली.

भांडारकरांनी धर्मशास्त्राची वचने तपासून प्रथम ऋतुदर्शनानंतर लगेच गर्भाधान केलेच पाहिजे असे बंधन नाही, हे दाखविले. टिळकांनी त्यांचे अर्थनिर्णयन खोडून काढण्याचा प्रयत्न केला. टिळक बालविवाहाचे समर्थक होते, असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. मुलींचे विवाह सोळाव्या व मुलांचे विसाव्या वर्षापूर्वी करू नयेत, असा स्वेच्छेने पाळावयाचा नियम त्यांनीच 1890 मध्ये सुचविला होता. त्यांचा विरोध परकीय सरकारच्या हस्तक्षेपाला होता. परंतु स्वेच्छेची ही सवलत कोणाला? नियम पाळायचा की नाही हे ठरविणार पिता आणि पती; परिणाम भोगणार ती मुलगी. भांडारकरांची विद्वत्ता निर्विवाद. तथापि त्यांनीही प्रश्न शास्त्राच्याच मैदानावर सोडविला. शास्त्राने अनुकूल कौल दिला नसता तर मुलीच्या देहाचे रक्षण कोणत्या आधारावर करावयाचे, याचे उत्तर त्यांच्या विवेचनात सापडत नाही. ज्या कायद्याच्या नावातच ‘संमती’ आहे, त्याच्या चर्चेत ती देणारीचे मत जवळजवळ ऐकू येत नाही.

पुढील इतिहास अधिक विचार करायला लावणारा आहे. 1891 मध्ये पत्नी आणि अन्य मुलगी या दोघींसाठी वयोमर्यादा एकच, बारा वर्षे होती. 1925 च्या दुरुस्तीने पत्नीसाठी तेरा व इतर मुलींसाठी चौदा वर्षे केली. 1949 मध्ये हे आकडे पंधरा व सोळा झाले. 2013 मध्ये इतरांसाठी अठरा वर्षे झाली, पत्नीसाठी पंधराच राहिली. म्हणजे कायदा सुधारत गेला तसतशी विवाहित मुलगी मागे पडत गेली! हे अंतर संसदेने नव्हे, सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑक्टोबर 2017 च्या निर्णयाने मिटविले. भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्ये ही अठराची मर्यादा आता अंतर्भूत आहे.

संमती आणि शरणागती यांतील भेद कायद्याच्या चर्चेत ठळकपणे आला तो गडचिरोलीतील (तेव्हा चंद्रपूर जिल्हा) देसाईगंज पोलीस ठाण्यातील प्रकरणाने. आरोपी पोलिसांची सर्वोच्च न्यायालयाने मुक्तता केल्यावर 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. 1983 च्या दुरुस्तीमागे त्याची प्रेरणा होती. मात्र हा भेद विवाहाच्या उंबरठ्यापाशीच थांबला. अठरा वर्षांवरील पत्नीच्या नकाराला बलात्काराच्या व्याख्येत आजही स्थान नाही. दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत 2022 मध्ये यावर मतभेद झाला. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात हा अपवाद राखण्याची बाजू मांडली, तीही विवाहसंस्थेवर परिणाम होईल या कारणाने. 1891 मध्ये धर्माच्या जागी जे ठेवले गेले होते, तेथे आता विवाहसंस्था आहे. फरक इतकाच, की आता राज्यकर्ते परके नाहीत. टिळकांचा सर्वांत सबळ आक्षेपही त्यामुळे येथे लागू पडत नाही.